पहिलीच्या बोटांचे ठसे

सामान मोजायला आलेला गणराज बोलायला गोड होता आणि नजरेला पक्का. थेरगावात डांगे चौकामागच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तो बूट काढून शिरला आणि अर्ध्या तासात त्याने अकरा वर्षांचा संसार मोबाइलवर उतरवून घेतला. फ्रिज न्यायचा नाही, तिकडे भाड्याच्या घरात असतो. लोणचं जहाजातून चालत नाही. लाकडाचा देव्हारा न्यायचा तर आधी त्याला औषध मारून शिक्का घ्यावा लागेल. कुकर मात्र चांगले दोन घ्या आणि रबरं डझनभर, कारण स्लोवाकियात म्हणे सगळं मिळतं, कुकरचं रबर तेवढं मिळत नाही. त्याने असे पुष्कळ संसार बोटीवर चढवले होते, त्यामुळे त्याला कशाचं काही वाटत नव्हतं.

जाताना त्याने नमुन्याची तीन रिकामी खोकी ठेवली. प्रत्येकाने आपापल्या कपड्यांचा अंदाज घ्यावा म्हणून. ईश्वरीला तेवढंच हवं होतं. बारा वर्षांची पोर, सहावीत. तिने मार्कर घेऊन ठळक अक्षरांत एकावर ‘बाबा’, दुसऱ्यावर ‘ईश्वरी’ आणि तिसऱ्यावर ‘आई’ लिहिलं, आणि आईच्या खोक्यावर एक फूलही काढलं.

“वहिनी, तुमचं नाव सांगा,” गणराज फॉर्म भरत म्हणाला. “पासपोर्टवर येईल तसं.”

नाव सांगायला कुणाला वेळ लागत नाही. तिला लागला. मग आतल्या खोलीतून तिच्या नवऱ्याने, ज्योतीरामनेच उत्तर दिलं, “विजयश्री ज्योतीराम येळवंडे.” तिने मान हलवली.

तिचं नाव दीपमाला. आपण तिला दीपमालाच म्हणू. निदान इथे तरी कुणी म्हणावं. औशाजवळच्या एका खेड्यातून, लातूरकडून, ती निघोज्याच्या येळवंड्यांकडे आली तेव्हा तिचं दुसरेपणावरचं लग्न होतं, म्हणजे नवरा बिजवर. ज्योतीरामची पहिली बायको विजयश्री तापाने फणफणून तिसऱ्या दिवशी गेली. दवाखान्यात नेईनेईपर्यंत वाटेतच गेली, म्हणून गाडी तशीच मागे फिरवली. मागे आठ महिन्यांची ईश्वरी. चार महिन्यांत दुसरं लग्न उरकलं, कारण तान्ही पोर कुणाच्या पदरात घालणार हा प्रश्न सुतकापेक्षा मोठा होता.

आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात. ज्योतीराम अंगठी घेऊन बसला तेव्हा त्याच्या आईने, इंदुताईंनी, फर्मान काढलं: तेच नाव लिही. विजयश्री. घरात त्या नावाला जीभ सरावलीय, रेशनकार्डावर तेच आहे, पोरीच्या दाखल्यात आईचं नाव तेच आहे, आता कशाला खाडाखोड. पोरीलाही उद्या काही कळायचं कारण नाही. ज्योतीरामचे वडील सोनबा तेव्हा होते. विजयश्रीच्या मृत्यूची नोंद करायला ते ग्रामपंचायतीत जाणार होते, आज जाऊ उद्या जाऊ म्हणत होते. लग्नानंतर तेही थांबले. नाव चालूच आहे म्हटल्यावर मेल्याची नोंद कुणाची करायची? झाकली मूठ सव्वा लाखाची. एका बाईचं मरण असं घरच्या घरी मिटवून टाकलं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

दीपमालालाही वाटलं नाही. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. लातूरच्या पाण्याच्या टँकरमागे धावणारी ती मुलगी; तिला तयार नाव मिळालं, तयार घर मिळालं, आणि पहिल्याच रात्री मांडीवर तयार लेक मिळाली. पोरीने तिचा पदर मुठीत धरला तो सोडलाच नाही. पहिलीचा चांदीचा टाक तेवढा तिच्या गळ्यात घातला, काळ्या दोऱ्यात, मंगळसूत्राच्या शेजारी. दुसरेपणाच्या बायकोने सवतीचा टाक वागवायचा, नवी साडी आधी त्याला टेकवायची आणि मग नेसायची, म्हणजे मेलेली रुसत नाही. ईश्वरीला लहानपणी सांगितलं होतं की ती देवी आहे. सरकारदरबारी विजयश्री मेलीच नव्हती. ती मेल्याची एकमेव खूण दीपमालाच्या गळ्यात होती.

हे सगळं अकरा वर्षं नीट चाललं. मग चाकणच्या कंपनीने, जिथे ज्योतीराम क्वालिटीत सुपरवायझर होता, एक अख्खी लाइन उचलून स्लोवाकियाला न्यायचं ठरवलं. मशीनबरोबर सहा माणसं, तीन वर्षं, कुटुंबासकट, सामानाचा खर्च कंपनीचा. जो जाणार नाही त्याने घरी बसायचं, कारण इथे लाइनच राहणार नाही. ज्योतीरामने घरी येऊन पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी एचआरने कागदांची यादी पाठवली. लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, सगळ्यांचे पासपोर्ट, आणि खाली ठळक अक्षरांत: प्रत्येक कागदावर नाव तंतोतंत तेच हवं.

डांगे चौकात दिग्विजयचं कागदपत्रं करून देण्याचं दुकान आहे. त्याने यादी पाहिली, घरची फाइल पाहिली आणि खूश झाला. लोकांच्या बायकांची माहेरची नावं एकीकडे, सासरची दुसरीकडे, एक ना धड भाराभर चिंध्या असतात. तुमचं मात्र सगळं जुळतंय, म्हणाला. लग्नाचा दाखला विजयश्री, जन्मदाखल्यात आई विजयश्री, आधारही विजयश्री. फक्त आधारवरचा फोटो फार जुना आहे. आधारचा फोटो तसाही कुणाचा वाटत नाही, पण इतका जुना नको. फोटो आणि बोटं नवीन करून आणा, की दोघी मायलेकींचे पासपोर्ट महिन्यात हातात.

दीपमालाला तेव्हाच कळून चुकलं होतं. ते कार्ड पहिलीचं होतं. तिचं स्वतःचं, दीपमाला नावाचं, औशाला काढलेलं, ट्रंकेत साडीच्या घडीत होतं आणि अकरा वर्षांत कुणी ते मागितलं नव्हतं. रेशनवर सासऱ्यांचा अंगठा, नंतर सासूचा. तिच्या अंगठ्याची गरज कधी पडलीच नाही. तिने ज्योतीरामच्या तोंडाकडे पाहिलं. तो मजेत होता. दिग्विजयला पार्टीचं कबूल करत होता.

आधार केंद्रातली मुलगी समजूतदार होती. तिने दीपमालाचा अंगठा काचेवर ठेवला, तो जुळेना. दुसरा ठेवला, जुळेना. दहाही बोटं झाली. “ताई, भांडी घासून ठसे झिजतात,” ती म्हणाली. “बायकांचं असंच होतं. चार दिवस तेल लावा आणि या.”

घरात एकच धांदल उडाली. इंदुताई निघोज्याहून मुक्कामाला आल्या होत्या, त्यांनी लिंबू चोळायला सांगितलं. ज्योतीरामने कंपनीतून हातमोज्यांची जोडी आणली. त्याचा सगळा जन्म मापात गेलेला. पार्ट गेजमधून गेला तर ओके, अडला तर रिजेक्ट, पण अडलेला पार्ट जरा घासला की जातो हेही त्याला माहीत होतं. आणि ईश्वरीने जाहीर केलं की आठवडाभर भांडी ती घासणार, म्हणजे आईची बोटं परत येतील. ओट्याला तिचा हात नीट पोचायचा नाही. पाट घेऊन त्यावर उभी राहायची, कढईशी झटायची आणि झाल्यावर दीपमालाचे हात उलटेपालटे करून बघायची.

“आल्यात थोड्या रेघा,” ती म्हणायची. “उद्या अजून येतील.”

दीपमाला तिला काय सांगणार होती? कढई घासणाऱ्या त्या पोरीची पाठ बघून तिला रडू यायचं आणि ती कांदा चिरायला घ्यायची. एक वेडी आशा मात्र तिलाही लागली होती. रात्री अंगठ्याला साय चोळताना ती गळ्यातल्या टाकाला म्हणायची, बाई, मी तुझी लेक वाढवली, तुझं नाव सांभाळलं, एवढा एक अंगठा मला दे. माणूस बुडायला लागला की असं काहीही मागतो.

तीनदा गेले. तिसऱ्या वेळी त्या मुलीने बुबुळं तपासायचं मशीन डोळ्यांसमोर धरलं. लाल. पुन्हा धरलं. लाल. ती जरा चमकली आणि हळू आवाजात म्हणाली की ताई, बोटं झिजतात, डोळे झिजत नाहीत. हे कार्ड दुसऱ्या कुणाचं आहे का?

तेव्हा कुठे ज्योतीरामच्या डोक्यात उजेड पडला. अकरा वर्षं एकाच नावाने हाका मारून तो खरोखर विसरला होता की त्या नावाची दोन माणसं होती. बाहेर गाडीत बसल्यावर त्याला किल्ली फिरवायचं सुचत नव्हतं.

“तुला माहीत होतं,” तो म्हणाला. “मग का नाही बोललीस?”

“तुमी विसरला होता,” दीपमाला म्हणाली. “मला वाटलं, हेच चांगलं हाय. मरेपर्यंत तुमाला आठवू नये.”

दिग्विजयला आता सगळं सांगणं भाग पडलं. त्याने ऐकलं, दुकानातल्या पोऱ्याला चहाच्या निमित्ताने बाहेर पाठवलं आणि आधी स्वतःचे कान धरले. तसेच अर्ज गेले असते तर तुमच्यासोबत मीही आत गेलो असतो, म्हणाला. मेलेल्या बाईच्या नावाने परदेशी जाणं म्हणजे थट्टा नाही, राव. मग त्याने सरळ रस्ता सांगितला. आधी विजयश्रीच्या मृत्यूची नोंद, तीही अकरा वर्षं उशिरा, म्हणजे राजगुरुनगरला तहसील कचेरीत सुनावणी होऊन हुकूम काढायचा. मग विधुर म्हणून दुसऱ्या लग्नाची नोंद. मग दीपमाला नावाने पासपोर्ट.

“थोडक्यात काय,” तो म्हणाला, “पहिलीला मारा, मग दुसरी जिवंत होईल.”

आणि मुलीच्या कागदावर मी कोण, असं दीपमालाने विचारलं. दिग्विजय पेनाशी खेळत बसला. जन्मदाखल्यात आई विजयश्रीच राहणार, तो बदलत नाही. तिथे मयत असा शेरा येईल. तुम्ही वडिलांची पत्नी. दत्तकाचं नंतर बघता येतं, वेळ लागतो. तूर्तास, कागदावर, तुम्ही मुलीच्या कुणी नाही.

कंपनीने मुदत दिली ती मेअखेरची. तोवर हुकूम आला आणि पुढचे कागद झाले तर तिघांची तिकिटं, नाहीतर ज्योतीरामने एकट्याने जायचं, तीन वर्षं. आणि हुकूम येईपर्यंत ईश्वरीचाही पासपोर्ट अडलेला, कारण कागदावर तिची आई जिवंत होती आणि त्या आईची सही कुठून आणणार? इकडे आड तिकडे विहीर. खोटं धरून बसावं तर सगळंच बुडतं. खरं सांगावं तर कंटेनर हलेल, तिकिटं निघतील, पण आधी ईश्वरीला कळेल.

दीपमालाला दुसरं कसलं भय नव्हतं. परदेश, थंडी, तिथली भाषा, हे सगळं तिने केलं असतं. पोरीने एकदा आपल्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं तर आपण कसे जगू, एवढंच तिला कळत नव्हतं. ज्योतीराम म्हणत होता, आत्ता काही सांगायचं नाही, तिकडे गेल्यावर निवांत सांगू. पुरुषांना निवांत कधी मिळेल असं नेहमीच वाटतं. तिला ते पटत नव्हतं. सुनावणीच्या आदल्या रविवारी तिने ठरवलं की आपणच सांगायचं, आजच, दुपारी.

दुपारी ईश्वरी आईचं खोकं भरत होती. स्वेटर तळाशी, मग साड्या, मग मधे कुकरची रबरं, म्हणजे चेपणार नाहीत. गणराजकाकांनी तसंच सांगितलंय, म्हणाली. दीपमाला तिच्याजवळ बसली.

“ईसू, तुला एक सांगायचंय.”

“सांग ना.” ती वर न बघता म्हणाली. मग थांबून तिने आईचा अंगठा ओढून घेतला आणि उजेडात धरला. “आई, बघ, आता किती छान दिसतात रेघा. आता जुळेल ना?”

दीपमालाने हो म्हटलं. तिच्या हातून दुसरं काही झालं नाही. या एका ‘हो’चा राग तिला पुढे जन्मभर यायचा होता.

सुनावणीचा दिवस शाळेच्या सुट्टीत आला. शेजारची बाई गावाला गेलेली, ईश्वरीला एकटीला ठेवायचं कुठे, म्हणून तिलाही बरोबर घेतलं. आजीच्या गावाकडचं काम आहे असं सांगितलं आणि ती खिडकीशी बसून आनंदाने आली. निघोज्यात इंदुताईंना घेतलं. घरातलं वडीलधारं माणूस साक्षीला हवं होतं. म्हातारी नवं नऊवारी नेसून आली होती पण तोंड एवढंसं करून.

राजगुरुनगरच्या कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर बसायला जागा मिळाली. ईश्वरीला कोपऱ्यात बसवून हातात चिक्की दिली आणि आत बोलावलं की तू इथेच थांबायचं असं बजावलं. दीड तास गेला. मग दारात शिपाई आला आणि कागद बघून, भाजीच्या बाजारात ओरडावं तसा ओरडला:

“मयत विजयश्री ज्योतीराम येळवंडे!”

“हां, मीच,” दीपमाला म्हणाली आणि उभी राहिली.

अकरा वर्षांची सवय. त्या नावाची हाक आली की ती चुलीपुढून, झोपेतून, आजारातून उठत आली होती. व्हरांड्यातली माणसं हसली. शिपाईही हसला आणि म्हणाला की बाई, तुमी बसा, आमी मेलेलीला बोलावतोय. ज्योतीरामने तिचा दंड धरला. ईश्वरीसुद्धा आधी हसलीच.

“आई, तुला मयत म्हणाले,” ती म्हणाली. मग तिचं हसू थांबलं. “मयत म्हणजे काय?”

चिक्की खा, आलोच, असं म्हणून ज्योतीराम आईला आणि दीपमालाला घेऊन आत गेला.

साहेब तरुण होते, वैतागलेले होते पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी अर्ज वाचला. दवाखान्याचा कागद आहे का? नाही. स्मशानाची पावती? गावचा घाट, तिथे कोण पावती देतो. तेव्हाचा पंचनामा, पत्र, काहीतरी? नाही. मग साक्षीवरच आलं, असं म्हणून त्यांनी इंदुताईंना विचारलं की आजी, तुमची सून विजयश्री कधी वारली ते सांगा.

इंदुताईंनी पदर तोंडाला लावला. एकदा लेकाकडे बघितलं, एकदा सुनेकडे.

“म्या न्हाई म्हननार,” त्या म्हणाल्या. “आमची विजयश्री ही काय हुबी हाय. जित्या नावावर मरान लिवत न्हाईत, सायेब. हिला काय झालं म्हंजी?”

ज्योतीरामने आईला समजावलं, हात जोडले, मग आवाज चढवला. म्हातारी ढळेना. तिचंही खोटं नव्हतं. पहिली सून हातातून गेली ती तिने बघितली होती. त्याच नावावर पुन्हा मरण बोलायचं म्हणजे दुसरीला खड्ड्यात लोटायचं, असं तिच्या मनाने घेतलं होतं. अकरा वर्षांपूर्वी तिनेच हे नाव घट्ट धरलं होतं, आता ते तिला सोडता येत नव्हतं. साहेबांनी फाइल मिटली. बाई जिवंत आहे की मेली हे आधी घरात ठरवा, मग इकडे या, म्हणाले, आणि शिपायाला पुढचं नाव पुकारायला सांगितलं. पुढची तारीख जूनशिवाय नव्हती. जूनला काहीच उरणार नव्हतं.

आवाज बाहेर गेला असणार. दार ढकलून ईश्वरी आत आली. हातात अर्धी चिक्की तशीच. तिने सगळ्यांकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि सरळ त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. कुठेतरी मोठी चूक होतेय आणि ती आपणच निस्तरायची आहे असं तिला वाटलं होतं.

“माझी आई मेली नाही,” ती म्हणाली. तिने मागे हात करून दीपमालाचा हात धरला आणि पुढे ओढला. “ही बघा. तिचे ठसे येत नाहीत, ते भांड्यांमुळे. आम्ही इलाज करतोय.”

साहेबांनी दीपमालाकडे पाहिलं. आता खोलीत सगळेच तिच्याकडे बघत होते. ज्योतीरामची नजर सांगत होती, आत्ता नको, चल बाहेर. तिने ‘हो, मीच विजयश्री’ म्हटलं असतं तर पोर तिचीच राहिली असती. थेरगावच्या फ्लॅटमध्ये, नोकरी गेलेल्या नवऱ्याबरोबर, कुठला तरी दुसरा शिपाई दुसऱ्या कुठल्या दारात ओरडेपर्यंत. पोरीचा हात गरम होता, चिक्कीने चिकट झाला होता. तिने तो घट्ट धरला आणि मग बोलायला तोंड उघडलं तर अकरा वर्षं दाबून ठेवलेली लातूरची बोली बाहेर आली.

“साहेब, लिवून घ्या. मी खरं सांगायलेय. विजयश्री गेली. लेक आठ म्हयन्याची होती तवा गेली. मी दीपमाला, औशाची. मी हिला वाढवलं. मी हिला जलम दिला न्हाई.”

तिने मानेमागे हात नेऊन काळा दोरा सोडला आणि टाक टेबलावर ठेवला. साहेब म्हणाले की बाई, याला पुरावा म्हणत नाहीत. पण त्यांनी तो उचलून बघितला, फाइल पुन्हा उघडली आणि लिहायला घेतलं. तलाठ्याचा अहवाल मागवतो, दोन प्रतिज्ञापत्रं आणून द्या, महिनाभरात बघू. ज्योतीराम खाली मान घालून सही करत होता. इंदुताई भिंतीशी बसून रडत होत्या. या सगळ्यात ईश्वरीने आपला हात कधी सोडवून घेतला ते दीपमालाला कळलं नाही. बघते तर तो हात तिच्या हातात नव्हता.

निघताना साहेबांनी टाक परत दिला. दीपमालाने तो पोरीपुढे धरला. “ही तुजी आई,” ती म्हणाली. ईश्वरीने तो घेतला, बघितला, मुठीत धरला, पण दीपमालाकडे पाहिलं नाही.

परतताना इंदुताईंना निघोज्यात सोडलं. मागच्या सीटवर आता दोघीच राहिल्या आणि मधे एका माणसाची जागा रिकामी. एरवी ही पोर गाडीत बसली की दीपमालाच्या मांडीवर पाय टाकायची. आज ती दाराला चिकटून बसली होती. चाकणच्या चौकात नेहमीप्रमाणे वाहतूक तुंबलेली, पुढे कंटेनर, मागे कंटेनर, शिफ्ट सुटलेल्या बसेस. दीपमालाला वाटत होतं की ओरडावं, पोरीला मिठीत घ्यावं, पाया पडावं. आपला तो अधिकार अजून आहे का हेच तिला कळत नव्हतं, आणि म्हणून ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. असं पोरकं तिला लग्न करून आली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

तिचा फोन वाजला. गणराज होता. बोटीचं बुकिंग करायचंय, वहिनी, पासपोर्टवरचं नाव पक्कं झालं का? तेच टाकू ना, विजयश्री?

“दीपमाला,” ती म्हणाली. पलीकडून त्याने पुन्हा विचारलं, तिने पुन्हा सांगितलं. स्वतःचं नाव तिला तोंडात परक्यासारखं लागलं.

मोशी आली, गेली. ऊन काचेतून थेट ईश्वरीच्या तोंडावर येत होतं. मग ती पुढच्या सीटकडे बघत म्हणाली,

“बाबा, पाणी.”

पाण्याची बाटली दीपमालाच्या पिशवीत असते. आजवर कायम तिथेच असायची, आणि पोरीला ते माहीत होतं. ज्योतीरामने आरशातून मागे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागला. दीपमालाने बाटली काढली. हात लांब करून द्यायची तिची हिंमत झाली नाही. मधल्या रिकाम्या जागेवर तिने ती उभी ठेवली. ईश्वरीने घेतली, झाकण काढलं, अर्धी बाटली संपवली.

मग तिने बाटली तिथेच परत ठेवली, खिडकीबाहेर बघत, आणि झाकण दीपमालाच्या मांडीवर टाकलं. लहानपणापासून ती असंच करायची. झाकण तिने कधी लावलं नव्हतं, ते लावायचं काम आईचं.

दीपमालाने झाकण उचललं. दोन्ही हातांनी, सांडू नये म्हणून सावकाश, घट्ट लावलं. भोसरी येईपर्यंत ती बाटली धरून बसली होती.